दुधाच्या पाच बादल्या आणि माळ्यावरची नऊ पिल्ले: स्नोबॉल व नेपोलियन यांची तुलना कोठून सुरू करावी

कनिष्ठ महाविद्यालयात नुकत्याच इंग्रजी शिकवू लागलेल्या एका अध्यापिकेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘अ‍ॅनिमल फार्म’ शिकवताना त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले होते. एका बाजूला स्नोबॉल, म्हणजे बुद्धिमान, प्रामाणिक, लोकशाहीवादी. दुसऱ्या बाजूला नेपोलियन, म्हणजे क्रूर, स्वार्थी, हुकूमशहा. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मग सफरचंदांच्या वेळी स्नोबॉल गप्प का बसला?” बाईंना उत्तर सुचले नाही. त्या मुलाला काय सांगावे, आणि स्नोबॉल जिंकला असता तर त्या शेतावरचे चित्र वेगळे झाले असते का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी हे पुस्तक पंचवीसहून अधिक वर्षे शिकवत आलो आहे, आणि पहिली काही वर्षे मीही तेच दोन रकाने आखत होतो. त्या रकान्यांत लिहिलेले एकेक विशेषण पाहिले तर फारसे चुकीचे नसते. चूक असते ती तुलनेच्या आरंभबिंदूत. हे दोन नेते कोठे भांडतात तेथून आपण सुरुवात करतो. आपल्या विद्यार्थ्याने मात्र ते कोठे एकमत होतात तेथे बोट ठेवले आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचे मर्म तेथेच आहे. त्या मुलाला वर्गात सर्वांसमोर शाबासकी द्यावी, ही माझी पहिली विनंती.

आधी कथेचा सांगाडा, कारण सर्वच वाचकांच्या तो स्मरणात असेल असे नाही. मि. जोन्स नावाच्या दारूच्या आहारी गेलेल्या शेतकऱ्याला त्याचीच जनावरे हाकलून देतात आणि शेत स्वतः चालवू लागतात. या उठावाचे स्वप्न ओल्ड मेजर नावाच्या वृद्ध वराहाने पाहिलेले असते. तो मरण पावल्यावर पुढारीपण दोन तरुण डुकरांकडे येते. दोघांची ओळख ऑर्वेल एकाच परिच्छेदात, मोजक्या शब्दांत करून देतात. नेपोलियन धिप्पाड, उग्र चेहऱ्याचा, फारसे न बोलणारा, पण आपलेच खरे करून घेण्याबद्दल ख्याती असलेला. स्नोबॉल अधिक चैतन्यशील, बोलण्यात चपळ, कल्पक; पण त्याच्या स्वभावाला नेपोलियनइतकी खोली नाही असा त्याच्याविषयीचा समज. येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे की हा समज कोणाचा आहे. ऑर्वेल स्वतः असा निवाडा देत नाहीत, तसे मानले जात होते एवढेच ते सांगतात. जो कमी बोलतो त्याच्या ठायी खोली आहे असे शेतावरच्या जनावरांनी परस्पर गृहीत धरले होते, आणि या गृहीतकाची किंमत त्यांनी पुढे मोजली.

आता दुधाचा प्रसंग पाहू. उठावाच्या दुसऱ्या दिवशी गाईंची धार काढायची राहिली आहे हे लक्षात येते. डुकरे आपल्या खुरांनी बऱ्यापैकी धार काढतात आणि साय धरलेल्या फेसाळ दुधाच्या पाच बादल्या भरतात. बरीच जनावरे त्या बादल्यांकडे टक लावून पाहत उभी असतात. या दुधाचे काय करायचे, असे कोणीतरी विचारते. जोन्स कधीकधी आमच्या आंबोणात थोडे दूध घालत असे, अशी आठवण एक कोंबडी काढते. तेवढ्यात नेपोलियन पुढे येऊन बादल्यांच्या समोर उभा राहतो. दुधाची काळजी नको, ते पाहिले जाईल. आधी गवताची कापणी महत्त्वाची. कॉम्रेड स्नोबॉल पुढे होतील, मी पाठोपाठ येतोच, एवढेच तो सांगतो. जनावरे उत्साहाने शेताकडे निघतात. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर दूध नाहीसे झालेले असते.

दोघांमधील सारा फरक मला या एवढ्याशा दृश्यात दिसतो. स्नोबॉल मिरवणुकीच्या अग्रभागी आहे, उन्हात आहे, सर्वांच्या नजरेसमोर आहे. नेपोलियन मागे राहिला आहे, आणि जेथे तो राहिला आहे तेथे बादल्या आहेत. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की कादंबरीभर नेपोलियन काय बोलतो याची नोंद ठेवू नका, इतर सर्व जण दुसरीकडे गेलेले असताना तो कोठे असतो याची नोंद ठेवा. ऑर्वेल एका वाक्यात हेच सांगून जातात: सभांमध्ये स्नोबॉल आपल्या वक्तृत्वाने बहुमत जिंकत असे, पण दोन सभांच्या मधल्या काळात पाठिंबा गोळा करण्यात नेपोलियन सरस होता.

तिसऱ्या प्रकरणातील तीन परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून घ्यावेत. पहिल्यात स्नोबॉलच्या समित्यांचा गजबजाट आहे: कोंबड्यांसाठी अंडी-उत्पादन समिती, गाईंसाठी स्वच्छ शेपटी संघ, मेंढ्यांसाठी शुभ्र लोकर चळवळ, आणि उंदीर व सशांना माणसाळवण्यासाठीही एक समिती. यांपैकी बहुतेक प्रकल्प फसतात. यशस्वी होतात ते फक्त वाचन-लेखनाचे वर्ग. शरद ऋतूपर्यंत शेतावरचे जवळजवळ प्रत्येक जनावर थोडेफार साक्षर झालेले असते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे; स्नोबॉलचे श्रेय मोजताना ती विसरता कामा नये. दुसऱ्या परिच्छेदात नेपोलियन म्हणतो की प्रौढांसाठी काही करण्यापेक्षा लहानांचे शिक्षण महत्त्वाचे. जेसी आणि ब्लूबेल या कुत्र्यांना झालेली नऊ पिल्ले दूध सुटताच तो आईपासून तोडतो आणि खोगिरांच्या खोलीतून शिडी लावूनच जाता येईल अशा माळ्यावर नेऊन ठेवतो. थोड्याच दिवसांत बाकीच्यांना त्या पिल्लांचा विसर पडतो. त्याला लागूनच तिसरा परिच्छेद सुरू होतो तो दुधाचे गूढ उकलल्याच्या वाक्याने: दूध रोज डुकरांच्या आंबोणात मिसळले जात होते. पाठोपाठ सफरचंदे येतात. गळून पडलेली फळे सर्वांना सारखी वाटली जातील असे जनावरांनी धरून चाललेले असते. ती सगळी डुकरांसाठी साजखोलीत आणून ठेवावीत असा हुकूम निघतो. काही जनावरे कुरकुरतात. पण या मुद्द्यावर सर्व डुकरांचे पूर्ण एकमत होते, स्नोबॉल आणि नेपोलियन यांचेसुद्धा, असे ऑर्वेल लिहितात.

त्या ‘सुद्धा’वर पाच मिनिटे द्यावीत. एरवी एकाने जव पेरू म्हटले की दुसरा ओट पेरू म्हणणार, असे हे दोघे आहेत. त्यांचे निर्वेधपणे जुळते ते आपल्या जमातीच्या सवलतीवर. दूध आणि सफरचंदे डुकरांच्या मेंदूसाठी आवश्यक आहेत, ती न मिळाल्यास जोन्स परत येईल, हे समजावून सांगायला स्क्वीलर नावाचे बोलघेवडे डुक्कर फिरते. स्नोबॉल त्याला अडवत नाही. स्नोबॉल गप्प का बसला, याचे सरळ उत्तर असे की त्या दुधाचा वाटा त्याच्याही आंबोणात होता. त्याने चोरी केली नव्हती, बादल्यांसमोर तो उभा राहिला नव्हता. पण परत आल्यावर दूध कोठे गेले हेही त्याने विचारले नाही.

ही माझी ओढाताण नाही. अमेरिकन संपादक ड्वाइट मॅक्डोनल्ड यांना १९४६ च्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात ऑर्वेल यांनी स्वतः म्हटले आहे की डुकरांनी दूध आणि सफरचंदे आपल्यासाठी ठेवली तोच कथेचा निर्णायक क्षण आहे, आणि कंसात त्यांनी क्रॉनश्टाट हे नाव लिहिले आहे. १९२१ च्या मार्चमध्ये रशियातील क्रॉनश्टाटच्या नौदल तळावरील नाविकांनी मुक्तपणे निवडलेल्या सोव्हिएतांची, म्हणजे लोकमंडळांची, मागणी करीत बंड केले आणि लाल सैन्याने ते चिरडले. त्या वेळी लेनिन हयात होते आणि युद्धखात्याचे प्रमुख होते लिऑन ट्रॉट्स्की, ज्यांच्यावर स्नोबॉल बेतलेला आहे. म्हणजे ज्या घटनेला ऑर्वेल उतरणीची सुरुवात मानतात तिच्यात स्टॅलिन (नेपोलियन ज्यांच्यावर बेतलेला आहे) यांच्यापेक्षा ट्रॉट्स्की यांचा हात अधिक उघड होता. दोन रकान्यांची पद्धत जेथे कोसळते ती जागा हीच.

आता भेदाकडे वळू, कारण दोघे सारखेच होते असे म्हणणे हाही तितकाच मोठा अन्याय होईल. स्नोबॉलला पटवून द्यावे लागते; पटवून देण्यात त्याला आनंदही वाटतो. पक्ष्यांनी ‘चार पाय चांगले, दोन पाय वाईट’ या घोषणेला हरकत घेतली तेव्हा पंख हा पुढे ढकलणारा अवयव आहे, त्याला पायच मानले पाहिजे, असे तो समजावत बसतो. पक्ष्यांना ते लांबलचक शब्द कळत नाहीत, पण ते मान्य करतात. गोठ्याच्या लढाईत तो जोन्सच्या जुन्या पुस्तकातून ज्युलियस सीझरच्या मोहिमा वाचून व्यूह रचतो, स्वतः आघाडीवर धावतो आणि पाठीवर छऱ्यांच्या जखमा झेलतो. त्या लढाईच्या वर्णनात नेपोलियनचे नाव नाही. पण त्याच लढाईच्या शेवटी, आपल्या लाथेने एक पोरगा मेला असे वाटून बॉक्सर घोडा हळहळतो, तेव्हा हळवेपणा नको, मेलेला माणूस तोच चांगला, असे बजावणाराही स्नोबॉलच असतो. हे वाक्य विद्यार्थी सहसा गाळतात. मी ते मुद्दाम वाचून घेतो.

पवनचक्की बांधावी की नाही हा वाद तर कोणाच्याही लक्षात राहतो. अंडी उबवण्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या खोपटात, गुळगुळीत लाकडी जमिनीवर, खुराच्या बेचक्यात खडू धरून स्नोबॉल आराखडे काढतो आणि उत्साहाने चीत्कारतो. जोन्सची तीन पुस्तके दगडाखाली उघडी धरून ठेवलेली असतात. हळूहळू अर्ध्याहून अधिक जमीन दांडे आणि दात्यांच्या चाकांनी भरून जाते. इतर जनावरांना त्यातले काहीच कळत नाही, पण ती रोज एकदा तरी पाहायला येतात, आणि कोंबड्या व बदके खडूच्या रेघांवर पाय पडू नये म्हणून जपून चालतात. एके दिवशी नेपोलियन येतो, संथपणे सगळे निरखतो, एकदोनदा हुंगतो, मग तंगडी वर करून त्या आराखड्यांवर मुततो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. कोंबड्यांचे ते जपून टाकलेले पाऊल आणि नेपोलियनची ही कृती शेजारी ठेवली की वेगळे विवेचन फारसे लागत नाही. एकाला वाटते की न कळणाऱ्यांनाही आपले काम दिसावे. दुसऱ्याला कोणी काही समजून घ्यावे याची गरजच वाटत नाही.

पुढची सभा हा दोघांचा शेवटचा सामना. स्नोबॉल आठवड्यात तीनच दिवस काम असे स्वप्न दाखवतो, नेपोलियनचे समर्थक भरलेल्या गव्हाणीची हमी देतात. स्नोबॉल बोलू लागतो, मेंढ्या ब्यॅ ब्यॅ करीत व्यत्यय आणतात. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मेंढ्या जी घोषणा देऊन सभा उधळत असत ती स्नोबॉलनेच तयार केलेली होती. शेताचे नियम म्हणून भिंतीवर लिहिलेल्या सात आज्ञा ज्यांना पाठ होत नाहीत त्यांच्यासाठी त्याने त्या एका वाक्यात आटवल्या. विचाराचे घोषणेत रूपांतर त्याने केले आणि त्या घोषणेचा गोंगाट म्हणून उपयोग नेपोलियनने करून घेतला. मला वाटते, स्नोबॉलच्या पराभवाचे हे कारण कुत्र्यांइतकेच खरे आहे, फक्त ते दात दाखवत नाही.

नेपोलियन सभेत अर्धा मिनिटच बोलतो. स्नोबॉल पुन्हा उभा राहून सभा जिंकतो, मतदान कोणाच्या बाजूने जाणार हे स्पष्ट होते, आणि त्या क्षणी नेपोलियन एक विचित्र, तीक्ष्ण आवाज काढतो. पितळी टिकल्यांचे पट्टे घातलेली नऊ प्रचंड कुत्री कोठारात घुसतात. स्नोबॉल जीव घेऊन पळतो आणि कुंपणाच्या भोकातून नाहीसा होतो. माळ्यावरची पिल्ले मोठी झाली होती. शेतावर एवढी साक्षरता आणणाऱ्या, एवढ्या समित्या नेमणाऱ्या स्नोबॉलने ती नऊ पिल्ले कोठे गेली याची चौकशी एकदाही केल्याचे पुस्तकात नाही. दुधाविषयी विचारले नाही आणि पिल्लांविषयीही विचारले नाही, हे दोन मौनांचे धागे जुळवून दाखवले तर आपल्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळेल.

इतिहासाची जोड विद्यार्थ्यांना थोडक्यात द्यावी. स्टॅलिन १९२२ मध्ये पक्षाचे सरचिटणीस झाले. नेमणुकांची सूत्रे हाती असलेले ते पद त्या काळी कंटाळवाण्या कारकुनी कामाचे समजले जाई. लेनिन यांचे निधन १९२४ च्या जानेवारीत झाले. ट्रॉट्स्की यांना १९२७ मध्ये पक्षातून काढण्यात आले, १९२८ मध्ये अल्मा-आटाला धाडण्यात आले आणि १९२९ मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले. १९४० च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोत त्यांचा खून झाला. जलद औद्योगिकीकरणाचा आग्रह ट्रॉट्स्की आणि त्यांचे सहकारी धरीत होते तेव्हा स्टॅलिन त्याला विरोध करीत होते. विरोधक दूर झाल्यावर १९२८ मध्ये त्यांनीच पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली. कादंबरीत स्नोबॉलच्या हकालपट्टीनंतर तिसऱ्याच रविवारी नेपोलियन पवनचक्की बांधण्याची घोषणा करतो, ती याच घटनेची प्रतिमा. बंदुका मिळवाव्यात की शेजारच्या शेतांवर कबुतरे पाठवून उठाव पसरवावा, हा दोघांचा वाद म्हणजे स्टॅलिन यांचा ‘एका देशातील समाजवाद’ विरुद्ध ट्रॉट्स्की यांची ‘अखंड क्रांती’. मात्र प्रत्येक खुंटीला एकेक ऐतिहासिक टोपी अडकवण्याच्या नादात पुस्तक हरवते, याचे भान ठेवावे.

नेपोलियनविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. दुसऱ्या लढाईत पवनचक्की सुरुंगाने उडते तेव्हा सर्व जनावरे जमिनीवर पालथी पडतात, असे लिहिताना ऑर्वेल यांनी आधी ‘नेपोलियनसह’ असे शब्द वापरले होते. १९४५ च्या मार्चमध्ये, पुस्तक छापखान्यात असताना, त्यांनी पॅरिसहून प्रकाशकांना कळवून ते ‘नेपोलियन वगळता’ असे बदलून घेतले, कारण जर्मन सैन्य चालून आले तेव्हा स्टॅलिन मॉस्कोतच थांबले होते. लेखकाचा राग किती मोठा होता हे लक्षात घेतले तर या दुरुस्तीचे मोल कळते. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात ऑर्वेल यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती, आणि ज्या पक्षाच्या पथकातून ते लढले त्याच्यावर ‘ट्रॉट्स्कीवादी’ असा शिक्का मारून धरपकड सुरू झाल्याने त्यांना बार्सिलोनातून निसटावे लागले होते. अनुपस्थित स्नोबॉलच्या नावाने प्रत्येक दोष मारण्याची यंत्रणा त्यांनी प्रत्यक्ष अनुभवली होती.

त्या यंत्रणेमुळेच ही तुलना पाचव्या प्रकरणात थांबवता येत नाही. नोव्हेंबरच्या वादळात चक्की कोसळली, स्नोबॉलने पाडली. धान्य चोरीला गेले, अंडी फुटली, किल्ली हरवली, सगळे स्नोबॉलनेच केले. जिवंत स्नोबॉल नेपोलियनच्या मार्गात अडथळा होता; पळालेल्या स्नोबॉलवाचून त्याचे पान हलत नाही. गोठ्याच्या लढाईतील त्याचे शौर्य टप्प्याटप्प्याने पुसले जाते: आधी ते अतिरंजित ठरते, मग तो पहिल्यापासूनच जोन्सचा हस्तक होता असे सांगितले जाते, पुढे सन्मानपदक कधी दिलेच नव्हते असेही होते. तो शूरपणे लढला होता, मी स्वतः पाहिले, एवढे बॉक्सर म्हणतो. काही दिवसांनी कुत्री त्याच्या अंगावर झेपावतात. स्वतः लिहायला शिकवणारा स्नोबॉल आणि भिंतीवर लिहिलेल्या आज्ञा रात्री बदलून घेणारा नेपोलियन, हा फरक माझ्या दृष्टीने दोघांमधील सर्वांत खोल फरक आहे.

आता दुसरा प्रश्न: स्नोबॉल जिंकला असता तर? ऑर्वेल यांना रशियाच्या बाबतीत काय वाटत होते ते आपल्याला माहीत आहे. १९३९ मध्ये एका पुस्तकाच्या परीक्षणात त्यांनी लिहिले की रशियातील हुकूमशाहीला ट्रॉट्स्की हे हयात असलेल्या कोणाहीइतकेच जबाबदार असावेत, आणि हुकूमशहा म्हणून ते स्टॅलिन यांच्यापेक्षा बरे ठरले असतेच याची खात्री नाही; मात्र त्यांची बुद्धी अधिक रंजक आहे. कादंबरीचा पुरावा यापेक्षा थोडा उदार आहे असे माझे मत आहे. नेपोलियनच्या राज्यात झाल्या तशा सक्तीच्या कबुल्या आणि अंगणातल्या कत्तली स्नोबॉलच्या राज्यातही झाल्या असत्या असे मानायला मजकुरात आधार नाही. भर सभेत वाद घालणे ही त्याची सवय होती आणि सवयी एका रात्रीत जात नाहीत. पण दूध डुकरांच्याच आंबोणात गेले असते. थकल्यावर खाटकाकडे विकल्या गेलेल्या बॉक्सरला निवृत्तीचे कुरण मिळाले असते का, याचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही ते पटकन देऊ नये. मॅक्डोनल्ड यांना लिहिलेल्या त्याच पत्रात ऑर्वेल म्हणतात की त्या वेळी इतर जनावरांनी पाय रोवले असते तर सगळे ठीक झाले असते. चांगला नेता निवडला असता तर, असे ते म्हणत नाहीत.

परीक्षेच्या उत्तरासाठी आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावे की विशेषणांची यादी न करता तीन वस्तू घ्याव्यात, बादल्या, माळा आणि खडूचा आराखडा, आणि प्रत्येक वस्तूजवळ कोण उभा होता व कोण नव्हता ते लिहावे. जागा उरली तर चौथी वस्तू घ्यावी, ती म्हणजे शेवटच्या प्रकरणातील पवनचक्की. ती अखेर पूर्ण होते, पण तिच्यापासून वीज तयार होत नाही. तिच्यावर धान्य दळले जाते आणि बरा पैसा मिळतो. गोठ्यात दिवे, गरम आणि थंड पाणी, तीन दिवसांचा आठवडा या स्नोबॉलच्या गोष्टी आता कोणी काढत नाही. खरे सुख कष्ट करण्यात आणि काटकसरीने राहण्यात आहे, असे नेपोलियन सांगतो. त्याच पानांवर ऑर्वेल लिहितात की बॉक्सर विस्मृतीत गेला होता, त्याला ओळखणारे जे थोडे उरले होते त्यांचा अपवाद सोडून. त्याआधीच्या वाक्यात स्नोबॉलही विस्मृतीत गेल्याची नोंद आहे, आणि त्या वाक्याला कोणताही अपवाद जोडलेला नाही.